पांढरीतले मणी आणि आबांची वही



मध्यंतरी कळंब तालुक्यातील एका गावी करडईवरच्या माव्याविषयी बैठक होती. मारुतीच्या पारावर पंधरावीस मंडळी जमली होती. पेरणी लांबली की मावा वाढतो, आधी तो बांधाकडेच्या झाडांवर दिसतो, तेव्हा आठवड्यातून एकदा कडेने चक्कर मारा, म्हणजे सगळ्या रानात औषध मारायची पाळी येत नाही, एवढेच सांगायचे होते. अर्ध्या तासात विषय संपला. चहा आला. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले एक म्हातारेबुवा म्हणाले, "सायेब, औषीद सांगितलं, ते झालं. आता येक सांगा. सातबारा पोरांच्या नावानं करून दिला. पोरी दिल्या घरी सुखी हायेत. आता आमच्या मागं आमचं म्हनून काय ऱ्हातंय?"

पोरे हसली. एकजण म्हणाला, "म्हातारं पुतळा बसवा म्हनतंय की काय!" म्हातारेबुवाही हसले. मी काहीतरी जुळवून बोललो, चहा घेतला आणि गाडीला किक मारली. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करताना खताचे प्रमाण विचारले तर आम्ही झोपेतही सांगतो, पण हा प्रश्न काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. परभणीच्या विद्यापीठात चार वर्षे घालवली, तिथेही कुणी शिकवला नाही. तो प्रश्न गाडीवर माझ्या मागे बसून घरापर्यंत आला.

पुढे आठ दिवसांनी कामानिमित्त तेरला जाणे झाले. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील लहानथोरांना तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांच्या समाधीमुळे. पण तेरणेच्या काठचे हे गाव त्याहूनही फार जुने आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याला तगर म्हणत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तीत पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे नमूद आहे. तिथले कापड बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जाई आणि तिथून जहाजाने परदेशी. म्हणजे आपल्याच भागातील कुणा विणकराच्या हातचे सूत परक्या मुलखात अंगावर चढत होते. त्या विणकराला ते ठाऊक असेल असे वाटत नाही.

तेरच्या भोवती पांढरीची टेकाडे आहेत. शेतकऱ्याला पांढरी म्हणजे काय ते सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, शेण पडले, भिंती ढासळल्या, त्यावर पुन्हा घरे झाली. अशी जी माती तयार होते ती पांढरी. तिच्यात राख, हाडे आणि शेण मुरलेले असल्याने स्फुरद चांगला असतो. म्हणून जुने लोक पांढरीची माती गाड्या भरभरून काळ्या रानात नेऊन टाकत. अशी माती उकरताना किंवा एखादा दांडगा पाऊस पडून गेला की टेकाडाच्या अंगातून वस्तू वर येतात. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या, नाणी, खापऱ्या. गुराखी पोरांना त्यांचे अप्रूप नसते. मणी मिळाला तर करदोट्यात ओवायचा, नाणे मिळाले तर पाण्यात भिरकवायचे.

या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते कुठल्या विद्यापीठातले पंडित नव्हते, सरकारी पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते, गावातलेच होते. गावच्या मातीतून वर येणाऱ्या या वस्तू ते जमवत गेले. एक मणी, एक बाहुली, एक नाणे, एक खापरी. असा संग्रह वाढत वाढत हजारोंच्या घरात गेला. आज तेरला शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला त्यांचेच नाव आहे. त्यातील एका हस्तिदंती बाहुलीची चर्चा देशोदेशीचे विद्वान करतात. कारण इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे 1938 साली उकरताना अशीच हस्तिदंती बाहुली मिळाली. कुठे पाँपेई आणि कुठे आपले तेर! पण दोन्हीकडच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या तर जवळच्या नात्यातल्या वाटाव्यात.

मी त्या काचेच्या कपाटांपुढे बराच वेळ उभा होतो. खापऱ्यांवर बोटांच्या रेघा दिसतात. चाकावर ओले मडके फिरताना कुंभाराची बोटे टेकली त्या त्या रेघा. खाली नाव नाही, गाव नाही. गोरोबाकाका याच गावचे कुंभार. संतमेळाव्यात त्यांनी थापटीने सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच. मला त्या कथेत एक गोष्ट नेहमी आवडते. थापटी त्यांच्या रोजच्या वापरातली होती. संतांची परीक्षा घ्यायला त्यांनी निराळे हत्यार आणले नाही.

पण मंडळी, मागे राहते ते सगळेच चांगले असते असे मुळीच नाही, आणि हे आपल्या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक असणार? पांढरी जशी रानात जायची तशी ती माळवदावरही जायची. पांढरीची माती पाणी लवकर आत शिरू देत नाही, म्हणून लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काट्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. दरवर्षी मृगाच्या आधी गळती लागू नये म्हणून वर आणखी चार पाट्या माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. कुणाचे काही चुकले असे म्हणता येत नाही; घर राखायचे म्हणूनच टाकली. पण खरवडून जुनी काढावी आणि मग नवी टाकावी, हे फार थोड्यांनी केले. थरावर थर चढत गेले. आणि खाली भिंती कशाच्या, तर मातीत रचलेल्या दगडगोट्यांच्या.

30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी मी नुकताच पदवी घेऊन घरी आलो होतो. आमच्या गावातून भाकरी आणि चादरी भरून टेम्पो निघाला, त्यात मीही होतो. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरला पोहोचलो. तिथे जे पाहिले ते इथे लिहीत नाही. लातूर आणि आपला जिल्हा मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. जाणकारांनी नंतर सांगितले की धक्क्यापेक्षा भिंतींचे दगड आणि डोक्यावरच्या मातीचे ओझे जास्त लोकांच्या जिवावर बेतले. पूर्वजांनी मायेने टाकलेली माती होती ती. तेव्हापासून कुणी "वाडवडिलांपासून चालत आलंय" असे म्हटले की मी मान डोलावतो, पण आधी वर बघतो.

आता घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली, आणि मायेने परवानगी दिली म्हणून सांगतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, चौथी शिकलेले. रोज रात्री जेवण झाले की कंदिलापाशी बसून वहीत दोन ओळी लिहायचे. आम्हा मुलांना वाटे देण्याघेण्याचा हिशेब असेल. ते गेल्यावर दिवसकार्य उरकले आणि थोरला भाऊ नाना, मी आणि आक्का असे तिघांनी लोखंडी पेटी उघडली. नऊ वह्या निघाल्या. पहिली 1975 सालची.

हिशेब होताच. पण त्याहून जास्त रान होते. कुठल्या नक्षत्रात पाऊस आला, किती वेळ पडला, ओल किती गेली. "कोपर हात घातला, ओल लागली." कुठल्या पट्टीत कोणते बी टाकले, ते कुणाकडून आणले, आणि कुणाला शेरभर परत दिले. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती परस खाली गेले. मी कृषी पदवीधर. आमच्या रानाची इतकी नोंद मी आयुष्यात ठेवली नव्हती. 'तुमची पद्धत जुनी झाली' असे मीच आबांना एकदा रागाने बोललो होतो, ते आठवून खाली बघत वाचत राहिलो.

एका पानावर लिहिले होते, "पाटल्या मोडल्या. मोटर आणली." बस्स, चार शब्द. आमच्या घरात, भावकीत, गावात सगळीकडे असेच बोलले जाई की विहिरीवर मोटर आबांनी बसवली. आम्हीही पाहुण्यांना तसेच सांगत आलो. पाटल्या कुणाच्या होत्या हे विचारायची गरजच नव्हती. माय दाराशी बसली होती. तिला वाचता येत नाही. आक्काने ती ओळ वाचून दाखवली. माय म्हणाली, "पुन्हा वाच." आक्काने पुन्हा वाचली. मग माय उठून आत गेली आणि चुलीपुढचे काम करू लागली.

सातबाऱ्यावर मायेचे नाव आबा गेल्यावर वारस म्हणून लागले. नव्वदच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमिनीचा तुकडा करा म्हणून. आमच्या गावात त्यावर पारावर थट्टाच जास्त झाली. आबा त्या थट्टेत होते की नव्हते, वहीत नाही.

आणि मग सातव्या वहीत ते पान निघाले. उन्हाळ्यातली नोंद. "नांगरट संपली. पूर्वेच्या बांधाला दोन तास जास्त घेतले. शेजारी लग्नाला गेला होता."

शेतकऱ्याला याचा अर्थ फोडून सांगायला नको. बांध कोरला. आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्यांचे आणि आमचे लहानपणी येणेजाणे होते. त्यांच्या म्हशीचा खरवस आमच्याकडे यायचा. एका वर्षी ते सगळे थांबले. संक्रांतीला माय तिकडे वाणाला जाईनाशी झाली. का, ते आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मोठ्यांचे काहीतरी असेल. पुढच्या वहीत, तीनेक वर्षांनी, एक ओळ होती, "बांधाचे मनात आहे." आणि शेवटच्या वहीत, अक्षर हलायला लागल्यानंतरची, "बांधाचे राहिले."

नानाने वही मिटली. म्हणाला, "ही आपल्या तिघांत राहू दे." मी म्हटले, सांगायला पाहिजे. नाना चिडला. "आबांची गावात काय किंमत होती तुला ठाव हाय ना? भांडणं सोडवायला माणसं त्यांच्याकडं यायची. आता त्यांच्या मागं गावाला काय सांगनार, बांधकोरे होते म्हनून?" त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. रान तोच कसतो, त्या गावात त्यालाच राहायचे आहे. मी आपला तालुक्याच्या गावी नोकरीवाला, आठवड्याला येणारा. खरे बोलण्याची हौस लांब राहणाऱ्याला जरा जास्त असते. तो असेही म्हणाला की मेलेल्या माणसाची वही कोर्टात चालत नाही. मी म्हटले, कोर्टात कोण चाललंय?

दोन दिवस घरात बोलणे बंद. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "न्हाई सांगायचं असतं तर त्यांनी पान फाडून टाकलं नसतं का? काडीपेटी काय लांब व्हती?"

यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हते.

शेजारचे तात्या आबांच्या आधीच वारले होते. घरात त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, आणि मुलगा. नाना आणि मी संध्याकाळी गेलो. वही नेली नाही, तोंडीच सांगितले. बोलायला नाना थोरला म्हणून त्यालाच बोलावे लागले, आणि तो दोन वाक्यांत बोलून मोकळा झाला. मुलगा आश्चर्याने बघत राहिला. त्याला काहीच ठाऊक नव्हते. काकू मात्र म्हणाल्या, "आमच्या मालकानं तुमच्या आबाला दोनदा इचारलं व्हतं. आबा भांडले न्हाईत, न्हाई म्हनले न्हाईत, नुसती मान खाली घातली. तवाच कळलं व्हतं आमाला. मालक म्हनायचे, मोजनी आनायची न्हाई, त्यो सोताच यील." मग जरा थांबून म्हणाल्या, "यायला उशीर झाला म्हना."

दोन तास म्हणजे किती? अडीच फूट रुंदी, लांबी साडेचारशे फूट. हिशेब केला तर गुंठ्याच्या आसपास. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. एवढ्या जागेत ज्वारी किती आणि कडबा किती, ते तुम्हीच सांगा. त्यापायी दोन घरांचा खरवस बंद झाला होता.

त्या उन्हाळ्यात दोन्ही घरच्या माणसांनी उभे राहून बांध सरकवला. जुन्या बांधातली एक दगडी खूण उकरल्यावर मिळाली, ती बरी झाली. सरकारी मोजणी मागवली नाही. पण तुमच्यापैकी कुणाला असे करायचे असेल तर मागवा, फी भरा आणि कागद दोन्ही घरी ठेवा, हे अधिकारी म्हणून सांगणे माझे काम आहे. पुढच्या पिढीला तुमच्या मनातले वाचता येत नाही. विहिरीची पाणीपाळी, सामाईक वाट, झाडाची वाटणी, शेजाऱ्याला तोंडी दिलेला शब्द, ही सगळी भांडणे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिली आणि दहांतली आठ तरी अशी होती की बापाने चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर मुले कचेरीच्या पायऱ्या चढली नसती. कुठे लिहावे, कसे लिहावे, याचे अवडंबर नको. पोराची अर्धी उरलेली शाळेची वही पुरते. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावे, त्यालाही रान कळते.

आणि बहिणींचे. आमच्या आक्काने त्याच दिवसांत विचारले, "हक्कसोडवर सही कधी करायची?" जणू ते दिवसकार्याचाच एक भाग असावा असे विचारले. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा कायद्याने आपल्या राज्यात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे. तरी बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो आणि सगळे सुरळीत झाले असे मानतात. नाना आणि मी त्या वेळी सही घेतली नाही. वाटाही अजून दिलेला नाही. नावे सामाईक लागली आहेत आणि विषय तसाच पडला आहे, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या बांधाविषयी लिहिणे सोपे.

आपल्या जिल्ह्याचे जुने नाव देशभरच्या गोपालकांच्या तोंडी आहे ते कशामुळे, ठाऊक आहे ना? शेळीमुळे. उस्मानाबादी शेळी ही मान्यताप्राप्त जात आहे. काळी, काटक, जुळी करडे देणारी, कोरड्या हवेत तग धरणारी. ती कुठल्या प्रयोगशाळेत तयार झाली नाही. कोणती पाट ठेवायची आणि कोणती विकायची, हे वर्षानुवर्षे आपल्याकडच्या बायाबापड्यांनी दारात बसून ठरवले. जिने जुळी दिली, जी दुष्काळात टिकली, तिची पाट ठेवली. परभणीला शिकताना ही जात मी पुस्तकातून पाठ केली होती, लांबीरुंदीसकट. आमच्या दारात तीच बांधलेली होती आणि तिची निवड मायेने केली होती, हे तेव्हा डोक्यातच आले नाही.

त्या पारावरच्या म्हाताऱ्याबुवांकडे मी गेल्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलो. म्हटले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला आलेले नाही, पण तुमच्या रानात काय काय तुमच्या हातचे आहे ते दाखवा. ते तासभर हिंडवत होते. ही चिंच आजीने लावली, ही मी. हा दगडी बांध बहात्तरच्या दुष्काळात रोजगारावरून आल्यावर उरलेल्या वेळात रचला. बायको दगड देत होती, मी लावत होतो. इथे पूर्वी घळ होती, आता माती साठली आहे. मी वाकून ती माती हातात घेतली. काळी, भुसभुशीत, चांगली हातभर खोल. वरून वाहून जाणारी माती त्या बांधाने पन्नास वर्षे धरून ठेवली होती. त्यात त्यांच्या मुलाने हरभरा पेरला होता आणि तो बाकीच्या रानापेक्षा बोटभर वर होता. मी तसे म्हटले. म्हातारेबुवा म्हणाले, "तितं नेहमीच येतंय चांगलं." का येते ते त्यांनी सांगितले नाही. मुलगा बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "तितली जमीनच तसली हाय."

मी मुलाला दगड कुणी रचले ते सांगितले. त्याला बांध ठाऊक होता, आई दगड देत होती हे ठाऊक नव्हते.

आमच्या घरी दहावी वही सुरू झाली आहे. मी आणून दिली होती, पण नाना लिहील असे वाटले नव्हते. परवा गेलो तेव्हा उघडून पाहिली. मोजक्याच नोंदी होत्या. शेवटची अशी होती: "पूर्वेच्या पट्टीत करडई पेरली. बी काकूकडून आणले, दोन शेर. परत द्यायचे."